हृदयाचा सीटी स्कॅन: श्वासाची सूचना रुग्णाला कळेल अशा भाषेत द्या

महोदय,

बेळगावच्या मोठ्या चौकांत, खानापूर आणि निपाणीच्या रस्त्यांवरही हल्ली सीटी स्कॅनच्या पाट्या दिसतात. ‘128 स्लाइस’, ‘काही सेकंदांत हृदयाची तपासणी’, ‘भरती व्हायची गरज नाही’. मी निवृत्त एक्स-रे टेक्निशियन आहे, त्यामुळे अशा पाटीपुढे माझे पाय थांबतात. हृदयाच्या रक्तवाहिन्या मनगटातून किंवा जांघेतून नळी न घालता बघता येतात आणि तेही आपल्या गावात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण या पाटीवर जे लिहिलेलं नसतं, त्याबद्दल मला लिहायचं आहे.

माझं मागणं एकच आहे. हृदयाचा सीटी काढताना ‘श्वास घ्या, रोखा, सोडा’ ही सूचना रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळावी, म्हणजे आपल्या भागात मराठीत आणि कन्नडमध्ये. आणि रुग्णाला टेबलावर झोपवायच्या आधी दहा मिनिटं बसवून तिची तालीम करून घ्यावी. एवढ्यासाठी वर्तमानपत्रात लांबलचक पत्र कशाला, असं कुणी म्हणेल. ते का लागतं तेच सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हे भाषेच्या वादाचं पत्र नाही. सीमाप्रश्नावर माझं मत आहे, पण ते मांडायची ही जागा नव्हे. यंत्रातून येणारी सूचना बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असते. जांबोटीच्या मराठी बाईला ती जितकी परकी, तितकीच सौंदत्तीच्या कन्नड आजीलाही. त्या आजीसाठीही मी हेच मागते आहे.

हलणाऱ्या अवयवाचा फोटो काढणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं दुखणं. हाड हलत नाही. तुटलेला हात फळीवर ठेवला की काम झालं. छातीचं तसं नसतं. आम्ही शिकलो तेव्हा फिल्म डार्करूममध्ये धुवायची, आधी डेव्हलपर, मग हायपो. छातीची फिल्म सहा फुटांवरून घ्यायची, म्हणजे हृदयाची सावली उगाच मोठी दिसत नाही. ‘श्वास घ्या, रोखा’ म्हणायचं आणि बटण दाबायचं. बाळ रडत असेल तर त्याला सांगून उपयोग नाही. त्याच्या रडण्याकडे कान लावायचा, हुंदक्यानंतर ते छातीभर श्वास ओढतं तो क्षण पकडायचा. फिल्म हायपोतून वर काढली की पहिली नजर फासळ्यांवर आणि छाती-पोटामधल्या पडद्याच्या रेषेवर जायची. रेषा सुईसारखी बारीक असली तर रोग्यानं श्वास धरला होता. पुसट असली तर फिल्म वाया, आणि त्याला परत किरण. त्या काळात आपल्या भागात फिल्म महाग होती, कधी कधी मिळायचीही नाही. म्हणून रोग्याला चार वाक्यं नीट सांगणं हे आमच्या नोकरीतलं पहिलं काम असे. मी मराठीत सांगायची, कन्नडमध्ये सांगायची, हिंदीत सांगायची. बेळगावात दवाखान्यात काम करणाऱ्याला या तिन्ही याव्याच लागतात.

राँटगेननी 8 नोव्हेंबर 1895 ला एक्स-रे शोधले आणि पुढच्याच वर्षी डॉक्टर चमकणाऱ्या पडद्यावर जिवंत माणसाचं हृदय धडधडताना बघू लागले. म्हणजे हलणारं हृदय दिसलं लवकर, पण दिसली ती नुसती सावली. आतल्या दोन ते चार मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या त्या सावलीत कुठे दिसणार? सीटी आला तोही हृदयासाठी नव्हे. लंडनजवळ विम्बल्डनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात 1 ऑक्टोबर 1971 ला हाउन्सफिल्डच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला, तो डोक्याचा. डोकं घट्ट धरून ठेवता येतं, आणि एका स्कॅनला पाचेक मिनिटं लागत होती. पाच मिनिटांत हृदय तीनशे वेळा धडकतं. त्या यंत्रासाठी हाउन्सफिल्ड आणि कॉरमॅक यांना 1979 चं नोबेल मिळालं, तेव्हाही हृदय सीटीच्या आवाक्याबाहेरच होतं.

पुढची सगळी वर्षं ही वेगाची लढाई आहे आणि ती मला फार विलक्षण वाटते. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये हृदय थांबल्यासारखं दिसावं म्हणून एकाच यंत्रात 14 एक्स-रे नळ्या बसवल्या होत्या. खोली भरेल एवढं ते अजस्र यंत्र संशोधनापुरतंच राहिलं. मग डग्लस बॉइड यांनी फिरणारी नळीच काढून टाकली आणि इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकानं वळवून वर्तुळाकार धातूच्या कड्यावर फिरवला. 1980 च्या दशकातलं हे यंत्र दशांश सेकंदात, कधी त्याहूनही कमी वेळात चित्र घ्यायचं. हृदयातल्या कॅल्शियमचा जो स्कोअर आज पाट्यांवर दिसतो, तो मोजायची पद्धत 1990 मध्ये याच यंत्रावर बसवली गेली. साध्या सीटीत मात्र तोवर केबलची अडचण होती. एक्स-रेची नळी रुग्णाभोवती एक फेरी सरळ फिरायची, मग केबलचा पीळ सुटावा म्हणून उलटी. 1980 च्या दशकाच्या शेवटी शेवटी घासत्या कड्यांतून वीज पोचवणारी स्लिप रिंग आली, केबल गेली आणि नळी एकाच दिशेनं गरगर फिरू लागली. 1998 ला अर्ध्या सेकंदात एक फेरी घेणारी चार स्लाइसची, म्हणजे एका फेरीत चार काप घेणारी यंत्रं आली, 2004 च्या सुमारास 64 स्लाइसची. 2005 मध्ये एकाच चाकात दोन नळ्या काटकोनात बसवलेलं यंत्र आलं. 2007 मध्ये किरण टिपणाऱ्या डिटेक्टरच्या 320 ओळींचं आलं, ज्यात एकाच ठोक्यात अख्खं हृदय मावतं.

आता हिशेब बघा. एक चित्र उभं करायला नळीला निदान अर्धी फेरी मारावी लागते. फेरी 0.35 सेकंदाची असेल तर अर्धी साधारण 0.175 सेकंदाची. दोन नळ्यांच्या यंत्रात पाव फेरी पुरते, म्हणून त्या पहिल्या यंत्राचा आकडा 0.083 सेकंदावर आला. मग चाक आणखी जोरात का फिरवत नाहीत? त्या चाकात नळी, डिटेक्टर, ट्रान्सफॉर्मर असं शेकडो किलोंचं ओझं असतं. 0.28 सेकंदात एक फेरी घेताना नळीवर तिच्या वजनाच्या तीस पटीच्या आसपास ताण येतो. लोखंडालाही मर्यादा आहेत.

आणि दुसऱ्या बाजूला हृदय. ठोके मिनिटाला 60 असतील तर एक ठोका एक सेकंदाचा. त्यात आकुंचनाला तिसरा हिस्सा जातो. मग हृदय भरतं, आणि पुढच्या आकुंचनाआधी थोडा वेळ जवळजवळ निवांत असतं. चित्र घ्यायचं ते त्या निवांतपणात. ठोके 90 झाले की ठोका दोन तृतीयांश सेकंदाचा होतो. आकुंचनाचा वेळ फारसा कमी होत नाही, सगळी कपात या निवांत वेळातच होते. आमच्या शहापुरात ज्यांनी हातमाग बघितलाय त्यांना सांगते: धोटा एका कडेला पोचला की फणी मारेपर्यंत क्षणभर विसावतो. विणकर घाई करू लागला की तो विसावाच आधी जातो. हृदयाचं तसंच आहे. म्हणून छातीला ईसीजीच्या पट्ट्या लावतात, यंत्र ठोका ओळखतं आणि त्या विसाव्याची वाट बघून चित्र घेतं. ठोके 60 ते 65 च्या खाली असावेत म्हणून मेटोप्रोलॉलसारखी गोळी देतात. दमा असणाऱ्याला ती सरसकट देता येत नाही. वाहिन्या रुंद व्हाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरिन देतात.

म्हणजे यंत्राचा वेग ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी रुग्णाच्या छातीत आहे, त्याच्या ठोक्यात आणि श्वासात.

श्वासाचं गणित लोकांना माहीतच नसतं. 64 ओळींचं यंत्र एका फेरीत सुमारे चार सेंटिमीटर झाकतं. हृदय बारा-चौदा सेंटिमीटरचं. म्हणजे तीन-चार तुकडे वेगवेगळ्या ठोक्यांत घेऊन ते जोडायचे. साध्या श्वासातही पडदा एक-दोन सेंटिमीटर वरखाली होतो आणि हृदय त्याच्यावरच बसलेलं आहे. मधल्या तुकड्याला रुग्णानं श्वास सोडला, तर जोडावर पायरी पडते. रक्तवाहिनी तिथे तुटल्यासारखी, अरुंद झाल्यासारखी दिसते. नसलेला अडथळा दिसतो, किंवा असलेला लपतो. पाटीवरचा ‘128’ हा आकडाही नीट समजून घ्यावा. तो चित्राच्या कापांचा आहे, वेगाचा नव्हे. काही यंत्रांत ओळी 64 च असतात आणि प्रत्येक ओळीचे दोन काप करून 128 म्हणतात. त्यात खोटं काही नाही, पण रुग्णानं विचारायचं ते ‘एका फेरीला वेळ किती’ आणि ‘माझे ठोके किती असताना घेणार’.

माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं सांगते. दवाखान्याचं नाव घेत नाही, तो हेतूही नाही. आक्का खानापूर तालुक्यात जांबोटीकडच्या गावात राहते. साठी ओलांडलेली. शेताचा बांध चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं म्हणाली. ईसीजी नीट होता. पट्ट्यावर चालायची टेस्ट गुडघ्यांमुळे शक्य नव्हती. डॉक्टरांनी हृदयाचा सीटी सुचवला. सल्ला योग्यच होता. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या 4146 रुग्णांचा अभ्यास झाला आहे. नेहमीच्या तपासणीला सीटीची जोड मिळालेल्यांत पाच वर्षांत हृदयविकारानं मृत्यू किंवा झटका 2.3 टक्क्यांना आला, जोड न मिळालेल्यांत 3.9 टक्क्यांना. 2016 पासून इंग्लंडच्या मार्गदर्शक सूचनांत नव्यानं छातीत दुखणाऱ्यासाठी हीच पहिली तपासणी सांगितली आहे.

आक्का सकाळच्या बसनं आली. रिकाम्या पोटी या म्हणून सांगितलं होतं, चहा पिऊ नका म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. घरातून निघताना तिनं कपभर घेतलाच, आणि चहानं ठोके वाढतात. बसस्टँडवरून दवाखान्यापर्यंत धावपळ, काउंटरवर इंग्रजी फॉर्म, सही इथे करा. किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघितलं, सुई लावली, आत नेलं. टेक्निशियन पोरगा चांगला होता, पण बाहेरच्या राज्यातला. आक्काला मराठी येतं, आणि बाजारापुरतं कन्नड. मी म्हटलं, मी आत येऊन तिला सांगू का? तो म्हणाला, मशीन आपोआप सांगतं.

मशीननं सांगितलं. इंग्रजीत. सुईतून डाय, म्हणजे रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध, गेला की अंगभर ऊब पसरते, लघवी झाल्यासारखं वाटतं. हे आधी सांगितलं नसेल तर माणूस घाबरतोच. आक्का घाबरली. त्यात डोक्यावरून कुणीतरी अनोळखी आवाज बोलला. ती सरळमार्गी बाई, कुणी बोललं की उत्तर देणारी. तिनं विचारलं, “काय म्हणालात?” नेमकं तेव्हाच चाक फिरत होतं.

रिपोर्टमध्ये लिहून आलं की ठोके 92, हालचालीमुळे उजव्या धमनीचा मधला भाग सांगता येत नाही. उजवी धमनी तीन मोठ्या वाहिन्यांत सगळ्यात जास्त हलते, त्यामुळे पहिला फटका तिलाच बसतो. पुढे सल्ला होता की परत करा किंवा मनगटातून अँजिओग्राफी करून घ्या.

आम्ही परत केला, थोड्या दिवसांनी, दुसऱ्या ठिकाणी. तिथलं यंत्र आधीच्यापेक्षा कमी स्लाइसचं होतं. तिथल्या बाईंनी आक्काला बाकावर बसवलं, आदल्या संध्याकाळपासून चहा-कॉफी घेतली नाही ना ते विचारलं, डॉक्टरांनी गोळी दिली, ठोके उतरेपर्यंत थांबवलं. मग म्हणाल्या, “मावशी, ऊब येईल, घाबरायचं नाही, लघवी झालेली नसते. मी श्वास घ्या म्हटलं की घ्यायचा, अगदी छाती फुटेपर्यंत नाही, आणि तसाच धरायचा.” तीन वेळा करून घेतलं. करताना ईसीजीच्या पडद्याकडे बघत होत्या, श्वास धरल्यावर ठोके किती उतरतात ते. फार खोल श्वास घेऊन कळ काढली तर छातीतला दाब वाढतो, डाय हृदयाकडे नीट पोचत नाही. दर वेळी सारखाच, बेताचा श्वास हवा. हे पुस्तकात आहे आणि करायला खर्च शून्य आहे. त्या दिवशी ठोके 60 च्या आत-बाहेर राहिले, चित्र स्वच्छ आलं. उजव्या धमनीत थोडा साका होता, अर्ध्याहून कमी. गोळ्या सुरू आहेत, नळी घालावी लागली नाही.

एका उदाहरणावरून सगळ्या दवाखान्यांना मी दोष देत नाही. पण आक्काला जे दोनदा भोगावं लागलं त्याची किंमत काय ते सांगते. दोनदा किरण, दोनदा आयोडीनचा डाय किडनीतून, दोनदा पैसे, आणि एका घरातली मधली रात्रंदिवस काळजी. किरणांची बाब तर फारच महत्त्वाची. स्कॅनभर किरण चालू ठेवायची जुनी पद्धत वापरली तर 10 ते 15 मिलिसिव्हर्टपर्यंत (हे किरणांच्या मात्रेचं माप) मात्रा जात असे. विसाव्याच्या क्षणापुरतेच किरण सोडण्याच्या पद्धतीत ती 2 ते 5 च्या आसपास येते, चांगल्या यंत्रावर त्याहूनही खाली. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी 2.4 मिळते, त्याच्याशी ताडून बघा. पण ही कमी मात्रेची पद्धत वापरायला ठोके मंद आणि नियमित लागतात. ते धावत असले तर टेक्निशियनला खिडकी मोठी ठेवावी लागते, म्हणजे किरण जास्त वेळ चालू. घाबरलेल्या रुग्णाला जास्त किरण मिळतात, हे इतकं सरळ आहे. त्याला त्याच्या भाषेत चार वाक्यं सांगून शांत करणं हा औषधोपचाराचाच भाग आहे, निव्वळ आदरातिथ्य नव्हे.

हृदयाचंच नाही. एमआरआयमध्ये एकामागून एक कितीतरी वेळा श्वास धरावा लागतो आणि तोही कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात. फुप्फुसातल्या गाठीला किरणोपचार देताना गाठ श्वासाबरोबर वरखाली होते. त्यासाठी रुग्णाच्या श्वासाची लय नोंदवत सीटी घेतात आणि त्या लयीप्रमाणे चित्रं वेगळी करतात. लय बिघडली की नेम बिघडला.

आता ‘आमच्या यंत्रात मराठी नाही’ असं उत्तर येईल, म्हणून सांगते. बहुतेक सीटी यंत्रांत काही भाषांतल्या सूचना तयार असतात आणि शिवाय आपल्या आवाजात नवी सूचना ध्वनिमुद्रित करून ठेवायची सोय असते. कन्सोलवरचं बटण दाबून माइकमध्ये बोलायचं, श्वासाला किती सेकंद द्यायचे ते ठरवायचं, साठवायचं. एका दुपारचं काम आहे. काही यंत्रांवर तर चाकाच्या कपाळावर श्वास धरायचं चित्र आणि उलटी मोजणी दाखवणारे दिवेही असतात, ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी. ते दिवे काय सांगतात हे रुग्णाला आधी दाखवलं तरच उपयोग.

आपल्या भागातल्या रुग्णाचा विचार करून बघा. खानापूरच्या जंगलातल्या गावातून येणारा, पावसात दोन बस बदलून. चंदगड तालुक्यातून येणारा, कारण त्याला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. चिकोडी-हुक्केरीकडून येणारा, घरात दोन्ही भाषा बोलणारा. हे सगळे दारात पोचतात तेव्हाच धपापत असतात. 29 ऑक्टोबर 2021 ला कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार वयाच्या 46 व्या वर्षी हृदयविकारानं गेले, तेव्हा बेंगळूरच्या जयदेव रुग्णालयात तपासणीला रांगा लागल्या. 2025 च्या जून-जुलैत हासन जिल्ह्यातल्या हृदयविकाराच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या, तेव्हाही तेच झालं. ही भीती आपल्यापर्यंतही पोचते. त्रास काही नसताना घाबरून पॅकेजचा सीटी करून घेणाऱ्यांना मी हात जोडून सांगते की आधी डॉक्टरला दाखवा, रक्तदाब बघा, साखर बघा, तंबाखू सोडा. निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यात हे सांगणं सोपं नाही, तरी सांगते. पण ज्याला खरंच गरज आहे त्याचा स्कॅन पहिल्याच खेपेला नीट व्हायला हवा.

हे घडवून आणायला नवा कायदा नको. कर्नाटकात खासगी वैद्यकीय आस्थापनांच्या नोंदणीचा कायदा आहे आणि 2017 च्या दुरुस्तीनंतर त्यात रुग्णांच्या हक्कांची सनदही आहे. जिल्ह्यात त्याचं प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली चालतं, जिल्हा आरोग्य अधिकारी त्याचे सचिव असतात. त्यांनी एक परिपत्रक काढावं. सीटी आणि एमआरआय असलेल्या प्रत्येक ठिकाणी श्वासाची सूचना कन्नड आणि मराठीत असावी, तयारीचा कागद दोन्ही भाषांत असावा. चहा-कॉफी, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, दमा, पूर्वी डायची अॅलर्जी, हे प्रश्न त्या कागदावर असावेत, आणि डाय गेल्यावर काय वाटेल तेही. सरकारी जिल्हा रुग्णालयानं आणि मेडिकल कॉलेजनं सुरुवात केली तर खासगीवाले मागोमाग येतील. रिपोर्टवर ठोके किती होते, हालचालीचा परिणाम झाला का आणि किरणांची मात्रा किती, या तिन्ही नोंदी असाव्यात. मात्रेचा आकडा यंत्र स्वतःच दाखवतं, तो छापायला जागा तेवढी हवी.

टेक्निशियन मुलांना दोष देऊ नका, हेही माझं कळकळीचं सांगणं आहे. दिवसात एकामागून एक रुग्ण लावलेले असतात, पंधरा मिनिटांत टेबल रिकामं करायचं असतं. तालमीची दहा मिनिटं त्याला कुणी दिली तर तो का नाही करणार? ती मालकांनी द्यायला हवीत, वेळापत्रकातच धरून. पहिल्या खेपेला बिघडलेला स्कॅन परत करायला लागणारा वेळ त्याहून कितीतरी जास्त असतो, हे हिशेबाच्या वहीतही दिसेल. रेडिओग्राफीच्या कोर्सला बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना कॉलेजांनी पहिल्या वर्षीच या दोन भाषांतली पंधरा-वीस वाक्यं पाठ करायला लावावीत. श्वास घ्या, धरा, सोडा, हलू नका, ऊब येईल, घाबरू नका, मी काचेपलीकडे आहे. एवढं पुरतं.

माझ्याबरोबर काम केलेल्या काही निवृत्त टेक्निशियन मैत्रिणी शहरातच आहेत, त्यांतल्या एकीची मातृभाषा कन्नड आहे. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीतल्या कुठल्याही केंद्राला दोन्ही भाषांत सूचना ध्वनिमुद्रित करून हव्या असतील, तर आम्ही येऊन बोलून देऊ. मोबदला नको. त्यांच्या यंत्राला श्वासासाठी किती सेकंद लागतात ते आधी कळवावं, म्हणजे त्या मापानं वाक्यं बेतता येतील. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. विचारणा करणाऱ्यांना तो द्यायला माझी हरकत नाही.

कळावे,

एक निवृत्त एक्स-रे टेक्निशियन
शहापूर, बेळगाव